गिटारच्या मानेचं माप

खोका उघडला तेव्हा टेबलावर गिटार नव्हती, गिटारचे अवयव होते. एक कोरं लाकडी धड, वेगळी ठेवलेली मान, तारा ताणायच्या सहा खुंट्या, पुडीत स्क्रू, रंगीत वायरींचं भेंडोळं आणि चित्रांचं एकच पान. थोरल्याने ते पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

“एवढंच?”

“मला तर तेवढंही मिळत नाही,” धाकटी म्हणाली. “समोरचा माणूस तोंड उघडतो, की झालं. त्यावरून काय ते समजून घ्यायचं.”

धाकटी दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दवाखान्यांतून मापं यायची, कवळी नीट बसते का बघायला माणसंही यायची, आणि ती त्या मापांवरून दात, दातांवरच्या टोप्या, कवळ्या तयार करायची. घरात तिला कवळीवाली म्हणत. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे बोलणाऱ्यावर अवलंबून असे.

थोरला तिचा भाऊ. पोटापाण्यासाठी लिफ्ट दुरुस्त करायचा आणि सुट्टीच्या दिवशी बँडमध्ये गिटार वाजवायचा. गेल्या वर्षी लिफ्टच्या दारात त्याचा डावा हात सापडला. हाडं जुळली, जखम भरली. पण करंगळी अर्ध्यावर येऊन थांबायची आणि अंगठ्याच्या बुंध्याशी पंजा पहिल्यासारखा उघडायचा नाही. गिटारची मान धरली, की दुसरं गाणं संपेपर्यंत हात आखडून लाकडासारखा व्हायचा.

बँड चालवायचा ड्रमवाला. तो आडपडदा ठेवणारा माणूस नव्हता. “तीन महिन्यांनी हॉलमध्ये कार्यक्रम आहे,” त्याने सांगितलं होतं. “तुझ्या जागी सध्या एकाला उभा केलाय. त्याआधीच्या शेवटच्या सरावाला ये, सगळी गाणी वाजव, जागा तुझी. नाही जमलं तर तो कायमचा. मला दोघं परवडत नाहीत, आणि स्टेजही तेवढं मोठं नाही.” यात राग धरण्यासारखं काहीच नव्हतं. थोरल्याला तेच जास्त लागलं.

गिटार विकून टाकतो, असं तो जेवताना म्हणाला तेव्हा धाकटी समोर बसली होती. समजूत घालणं हे तिचं खातं नव्हतं. तिने त्याचा हात ओढून घेतला, उलटा-सुलटा केला, अंगठा मागे दाबून पाहिला.

“हात बिघडलेला नाही. त्याचं माप बदललंय,” ती म्हणाली. “दात पडले की हिरडी बसते, मग जुनी कवळी टोचायला लागते. म्हणून कोणी हिरडी तासत नाही. कवळी बदलतात.”

“गिटार म्हणजे कवळी नव्हे.”

“ते तू मला शिकवू नकोस, मी तुला वाजवायला शिकवत नाही.”

म्हणून तो खोका आला होता. दुकानातल्या तयार गिटारची मान पॉलिश होऊन, गुळगुळीत होऊन येते. या खोक्यातली मान कच्च्या लाकडाची होती; घासा, तासा, हवा तो आकार द्या.

रविवारी लॅब बंद असे. मालकाची परवानगी काढून धाकटी त्याला तिथे घेऊन गेली. खोली लहान, पण एखाद्या घड्याळाच्या पोटासारखी नेटकी. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. टेबलाशी पेनासारखी धरायची छोटी मोटर, तिला लावायची दाण्याएवढी पाती, आणि घासताना उडणारी धूळ ओढून घेणारं नळकांडं.

धाकटीने माप घ्यायची गुलाबी पावडर पाण्यात कालवली, तो लगदा मानेच्या मागच्या बाजूवर थापला आणि म्हणाली, “धर. वाजवताना धरतोस तसं. आणि हलू नकोस.”

थोरल्याने मान धरली. लगदा थंडगार होता. बघता बघता रबरासारखा घट्ट झाला. तिने तो अलगद सोडवला. त्यात त्याच्या पंजाचा साचा उतरला होता. अंगठा कुठे टेकतो, तळवा कुठे रुततो, वाकडी करंगळी कुठे लटकते, सगळं. वर्षभर डॉक्टरांना, बायकोला, ड्रमवाल्याला जे तो समजावून सांगू शकला नव्हता, ते तिथे स्वच्छ लिहिल्यासारखं दिसत होतं.

“बघ,” ती म्हणाली. “इतका काही वाईट नाहीये.”

पुढचे कितीतरी रविवार तो नुसता बघत बसला. बहिणीला काम करताना त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्या साच्याबरहुकूम ती मान ओठ घट्ट मिटून तासायची आणि श्वास सोडताना पातं लाकडाला लावायची नाही. मानेच्या पोटात एक पोलादी सळई असते. तारांच्या ताणाने मान वाकू नये म्हणून. जास्त खोल गेलं तर ती उघडी पडते आणि सगळं मुसळ केरात. धाकटी दर थोड्या वेळाने दाताच्या टोपीची जाडी मोजायचा काटा लाकडाला लावायची, आकडा वाचायची, पुन्हा थोडं तासायची. तोंडाने एक शब्द नाही. थोरल्याच्या कामात घाई हाच नियम होता. लिफ्टमध्ये कोणीतरी अडकलेलं असायचं. असं बिनघाईचं काम पाहून त्याला आधी कंटाळा आला, मग तो पुढे वाकून बघू लागला, मग चहा आणायलाही उठेनासा झाला.

मान तयार झाल्यावर जोडणी घरीच केली. धड आणि मान स्क्रूने आवळली, खुंट्या बसवल्या, वायरी सोल्डर केल्या. तारा चढवून गिटार अँप्लिफायरला जोडली तर नुसती घोंघावायला लागली.

“हे माझं खातं,” थोरला म्हणाला. “अर्थिंग नाही.” तारा जिथे धडावर टेकतात त्या पत्र्याखालची वायर लाकडात दबून राहिली होती, पत्र्याला लागतच नव्हती. त्याने पत्रा उचलून ती नीट बसवली आणि घोंघाट थांबला.

“चला, एकाचा तरी उपयोग झाला,” वहिनी म्हणाली. ती थोरल्याची बायको. दाराच्या चौकटीला टेकून मजा बघत उभी होती.

थोरल्याने पहिला सूर धरला. हात आपोआप जागेवर जाऊन बसला होता. अंगठ्याला खळगा, तळव्याला उतार. आखडणं नाही, कळ नाही. त्याने तोच सूर पुन्हा पुन्हा वाजवला. वहिनीने तोंड दुसरीकडे फिरवलं.

मग तो वरच्या सुराकडे सरकायला गेला आणि हात अडला. खळग्याच्या काठाला अंगठा अडखळला. जोर लावला तसा घसरून भलतीकडेच गेला. त्याने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

धाकटी त्याच्याकडे बघत होती. “कशी आहे?”

“छान आहे,” तो म्हणाला.

“मग वर जा.”

“सवय झाली की जाईल.”

“दादा, तोंडात कवळी टोचत असताना ‘छान आहे’ म्हणणारी माणसं मी रोज बघते. घरी जाऊन रुमालात गुंडाळून ठेवतात. वर जा म्हणते ना.”

तो वर गेला. हात अडला. तिने ते पाहिलं आणि खुर्ची ओढून खाली बसली.

“माझी कवळी हलली तर मला शिव्या बसतात,” ती म्हणाली. “न हलणं म्हणजेच चांगलं काम, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की... मी तुला सांगितलं, हलू नकोस. आणि हात तर हलवायचाच असतो की. मी तुझा हात एकाच जागी बसवून ठेवला.”

“मग आता काठ तासून टाक.”

“काठ खळग्याच्या पातळीला आणायचे तर सगळी मान तेवढी खाली घ्यावी लागेल. सळई उघडी पडेल.” ती मानेवरून बोट फिरवत होती. “लाकूड एकदा गेलं की गेलं.”

शेवटचा सराव तोंडावर आला होता. नवीन मान मागवून वाट बघायला वेळ नव्हता. थोरल्याने गिटार भिंतीला टेकवून ठेवली आणि जाऊ दे म्हणाला. मनापासून म्हणाला, कारण तिचा चेहरा त्याला बघवत नव्हता.

“जाऊ कसं देऊ,” धाकटी म्हणाली. “लाकूड परत येत नाही. पण हिरडी मी रोज बनवते.”

तिने मान धडापासून सोडवली आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नेली. सगळ्या खळग्यांना आतून बारीक चरे पाडले, पकड मिळावी म्हणून, आणि कवळीची हिरडी ज्याची करतात ते गुलाबी अ‍ॅक्रिलिक त्यांत भरलं. घट्ट झाल्यावर घासून लाकडाला सपाट केलं. मान पुन्हा सलग झाली, फक्त मागच्या बाजूला तीन गुलाबी डाग उमटले.

“अगं बाई,” वहिनी म्हणाली. “गिटारला हिरड्या फुटल्या. आता दात कधी येणार?”

या वेळी धाकटीने साचा घेतला नाही. कवळी कुठे जास्त दाबते हे बघायला माणसाला निळा कागद चावायला देतात. जिथे दाब, तिथे डाग. तिने तसले निळे कागद मानेच्या मागे चिकटवले आणि म्हणाली, “आता वाजव. एका जागी राहायचं नाही. खालून वर, वरून खाली, जी गाणी वाजवायची आहेत ती सगळी.”

थोरला वाजवत राहिला. तळवा निळा झाला, अंगठा निळा झाला, घाम पुसताना कपाळही. कागद सोडवले तेव्हा मानेवर निळ्या रेघा होत्या: कुठे गडद, कुठे पुसट, कुठे मध्येच तुटलेल्या. एका हाताची ती सगळी ये-जा होती. धाकटी गडद रेघा तेवढ्या हलक्या हाताने घासायची, नवे कागद लावायची, पुन्हा वाजव म्हणायची. हळूहळू मान एका बाजूने उतरती झाली, अंगठ्याच्या बाजूला बारीक, तळव्याकडे भरलेली. दुसऱ्या कुणाच्या हातात ती बेढब लागली असती. वहिनीने धरून पाहिली आणि म्हणाली, “ही तर वाकडी आहे.” थोरल्याला त्या वाकडेपणातली एकही रेघ चुकीची वाटत नव्हती.

सराव एका तळघरात होता. जागेवर उभा केलेला गिटारवाला आला नव्हता, फोनची वाट बघत असणार. ड्रमवाल्याने मानेच्या मागे बघितलं.

“हे गुलाबी काय?”

“हिरड्या.”

“बरं,” ड्रमवाला म्हणाला आणि काठ्या आपटून गाणं सुरू केलं.

दुसरं गाणं संपलं आणि हात आखडला नव्हता. चौथं संपलं. मग ड्रमवाल्याने जे गाणं गेलं वर्षभर यादीतून काढून ठेवलं होतं तेच धरलं, ज्यात हात खालून पार वर धावतो आणि परत येतो. थोरला धावला. करंगळी कामाची नव्हतीच. तिच्या वाटचं काम त्याने अनामिकेवर टाकलं होतं, एक सूर गाळला होता, आणि ते ज्याला ठाऊक त्यालाच ऐकू आलं असतं. ड्रमवाल्याला ठाऊक होतं. त्याने डोळे बारीक केले, पण ताल सोडला नाही. गाणी संपल्यावर काठ्या मांडीवर ठेवून त्याने खिशातून फोन काढला.

“हां, ऐक,” तो पलीकडच्याला म्हणाला. “हॉलवर नको येऊस. आमचा माणूस आलाय.”

थोरल्याने बाहेर येऊन जिन्यातच बहिणीला फोन लावला. मागे मोटरीची घरघर ऐकू येत होती. ती कामावर होती.

“जागा मिळाली,” तो म्हणाला.

घरघर थांबली.

“हात कुठे अडला?” तिने विचारलं.

“कुठेच नाही. अगदी...”

“दादा.”

तो जिन्यावर बसला. डोळे मिटून सगळी गाणी एकदा हातातून काढली.

“वर,” तो म्हणाला. “मान धडाला मिळते तिथे. परत येताना. अगदी थोडा.”

“अंगठा की तळवा?”

“तळवा.”

“उद्या घेऊन ये,” धाकटी म्हणाली, आणि घरघर पुन्हा सुरू झाली.