म्हातारी इज्जाला सलाम

मी कागद बोलतोय. बोलायची हौस नाही मला. कोनाड्यात गप पडलो होतो, तर काढलं, झटकलं, म्हणे तुझी कहाणी सांग. अंगभर अक्षरं आहेत, पण मला स्वतःला एक वाचता येत नाही. कानांवर पडलं तेवढं सांगतो.

मी पलटणीच्या वहीतला. जर्मन हरले, लढाई संपली, तरी फ्रेंचांकडून लढलेल्या आमच्या मोरोक्कोच्या शिपायांना फ्रान्सातल्या मार्सेलच्या बंदरात घरी जायला बोट मिळेना. तेव्हा बास्सू नावाच्या डोंगरातल्या शिपायानं मला वहीतून फाडलं आणि पलटणीतल्याच जलीलपुढं ठेवलं, तो फास शहरातला. बास्सूला लिहिता येत नव्हतं. जलील लिही, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं बोले.

पत्र बापाच्या नावानं. जीव मात्र गावातल्या तूदापाशी. पण बिनलग्नाच्या पोरीचं नाव पत्रात घालायचं म्हणजे तिची अब्रू चव्हाट्यावर. म्हणून निघतानाच दोघांचं ठरलं होतं: बास्सूचं मन पालटलं नसेल, तर तूदाच्या आंधळ्या आजीला, इज्जाला, नाव घेऊन सलाम येईल.

काका, आत्या, शेजारी, सलाम संपेनात. जलील वैतागला. "लेका, आता बकऱ्या तेवढ्या राहिल्या!"

"त्या राहू देत. म्हातारी इज्जाला घाल."

"ही कोण आणि?"

"तुला काय करायचंय? लिही मुकाट्यानं."

शेवटची ओळ तीच. बास्सूनं तिच्यावर बोट ठेवून तीनदा विचारलं, "इथंच आहे ना?"

मी गावी पोचलो, तेव्हा तूदाला पलीकडच्या खोऱ्यातलं स्थळ आलेलं. तिचा बाप गुरुवारी होकार कळवणार होता. मशिदीत पोरांना शिकवणारा मास्तर बास्सूच्या बापाच्या अंगणात मला वाचायला बसला. अरबीत वाचायचं, डोंगरी बोलीत सांगायचं. तूदा ताकाचं मडकं घेऊन दाराशी उभी. सगळी खुशाली सांगून झाली, एवढ्यात मध-लोण्याची गरम भाकरी आली. "पुढं नुसते सलाम आहेत," म्हणत मास्तरनं माझी घडी घातली.

तूदानं धीर केला. "मास्तर, आमच्या आजीला आहे का हो सलाम?"

"अगं, आख्ख्या गावाला आहे!"

"नाव घेऊन?"

"नाव कशाला हवं? ती काय गावाबाहेर राहते? इथं भाकरी निवतेय!"

सगळे हसले. पोरीच्या जातीनं तिसऱ्यांदा विचारायचं नसतं. गुरुवारी तिनं बापाला अडवलं नाही.

बास्सू महिन्यानं आला. तूदा खेचरावर बसून केव्हाच सासरी गेलेली. मला घेऊन तो मास्तरकडं गेला. "वाचा. एकूणएक नाव वाचा." मास्तरनं वाचलं आणि शेवटाला आल्यावर म्हणाला, "म्हातारीचा एक सलाम राहिला खरा. त्यात काय एवढं?"

बास्सूनं ठरलेली खूण माझ्याखेरीज कुणाला सांगितली नाही. बोलला असता, तर तूदाला सासरी नांदणं मुश्किल झालं असतं. त्यानं लग्न केलं नाही. गेल्या साली वारला.

मी पिवळा पडलोय, घडीवर विरलोय. कुणाचं पत्र वाचून दाखवाल, तर बाबांनो, सलाम गाळू नका. आणि एका माणसानं आमची माफी मागायची राहिलीय. दात पडले, तरी अजून गावाची पत्रं तोच वाचतो, अन् सलाम आले की अजून घडी घालतो. मास्तर बुअज्जा.