हाताची घडी

निवृत्तीनंतर बाईंनी काय करावं, याबद्दल घरातल्या सगळ्यांची मतं पक्की होती. फक्त बाईंना कुणी विचारलं नव्हतं. मुलगा म्हणत होता, आता आराम कर. नणंद म्हणत होती, माझ्याकडे येऊन राहा, दोघी मिळून सुनांची उणीदुणी काढू. बाईंचा सगळा जन्म बालवाडीत गेलेला. लहान मुलांचा आवाज कानावर पडला नाही तर त्यांना दिवस उगवल्यासारखंच वाटत नसे. परदेशातल्या एका केंद्राला मुलांसाठी स्वयंसेवक हवे आहेत असं कळलं, तेव्हा त्यांनी गुपचूप अर्ज केला आणि निवड झाल्यावरच घरात सांगितलं.

"म्हणजे फुकट राबायचं?" नणंद फोनवर म्हणाली. "अगं, फुकटच राबायचं तर माझं घर काय वाईट होतं? इथं यायला विमान लागत नाही."

"वन्सं, तुमच्याकडे लहान मुलं नाहीत."

"तुझे भावोजी आहेत की! त्यांना अजून स्वतःचे मोजे सापडत नाहीत."

ज्या मुलांच्या हातापायांत जोर कमी आहे, अशा मुलांचं ते केंद्र होतं. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर एक लांबट खोली, खिडक्यांखाली बुटकी टेबलं आणि दाराजवळ मुलांच्या उंचीवर ठोकलेल्या खुंट्या. खुंट्यांना जाडजूड कोट लटकलेले असत, कारण बाहेर बाराही महिने बोचरं वारं. अंगातला कोट नीट बंद केल्याशिवाय कुणी अंगणात जायचं नाही, असा नियम होता.

बाईंनी तिथली भाषा निघण्यापूर्वी शिकून घेतली होती. ऐकलेलं कळायचं, पण बोलायला गेलं की शब्द घशाशी येऊन बसायचे. म्हणून त्या हातांनी बोलू लागल्या. कुणाच्या बुटाचे बंद बांध, कुणाचं नाक पूस, कुणाच्या डब्याचं झाकण उघड. मुलांना त्यांनी एकच मराठी शब्द शिकवला, आजी, आणि बघता बघता केंद्रातली मोठी माणसंही त्यांना आजी म्हणू लागली.

त्या मुलांत एक सहा वर्षांची मुलगी होती. तिच्या डाव्या हाताची बोटं मिटलेली असत, नीट उघडत नसत. थोरल्या भावाचं जुनं, रिकामं दप्तर ती रोज पाठीवर घेऊन यायची. दप्तर तिच्याहून मोठं दिसायचं, म्हणून आजींनी तिचं नाव मुंगी ठेवलं. भाऊ गावातल्या मोठ्या शाळेत जात होता आणि मुंगीला त्याच शाळेत जायचं होतं. दुसरं काही तिला नकोच होतं. चित्र काढायला सांगितलं तरी ती त्या शाळेचं फाटक काढायची.

शाळेची अट साधी होती. वर्गात मुलं पुष्कळ, बाई एकटी. तेव्हा मुलाला स्वतःचं स्वतः आवरून बाहेर पडता आलं पाहिजे. डबा आणि बूट मुंगीला जमत होते. अडत होतं ते कोटाच्या चेनीपाशी. एका हाताने चेनीचं टोक खाचेत बसवणं म्हणजे मोठ्या माणसाच्याही नाकी नऊ येणारं काम. सुट्टीची घंटा झाली की मुंगी आजींसमोर येऊन उभी राहायची आणि हनुवटी वर करायची. आजी खाली वाकायच्या, चेन सर्रकन वर जायची, आणि मुंगी पळायची. दोघींनाही तो क्षण फार आवडायचा.

एके दिवशी केंद्राच्या प्रमुखबाईंनी आजींना बाजूला घेतलं. त्या वयाने आजींच्या सुनेएवढ्या होत्या, त्यामुळे बोलताना त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं.

"आजी, तुमचे हात जरा मागे ठेवाल का?"

"म्हणजे?"

"तुम्ही आल्यापासून मुलं खूश आहेत. पण मुंगी आता चेनीला हातसुद्धा लावत नाही. पूर्वी निदान झटापट करायची. शाळेच्या बाई लवकरच तिला बघायला येणार आहेत. मला वाटतं, यंदा काही तिचं जमत नाही."

आजी "बरं" म्हणाल्या, पण ते शब्द त्यांना चांगलेच झोंबले. चाळीस वर्षं मुलं सांभाळलेल्या बाईला कालची पोर सांगते, हात मागे ठेवा! लेकराची चेन लावायची नाही, तर मग आलो कशाला इतक्या लांब? खोलीवर गेल्यावर त्यांनी परतीच्या विमानांची चौकशीसुद्धा केली.

खोली एका घरमालकिणीच्या घरात होती. बाई एकटी, धिप्पाड आणि मायाळू. आजींना एकट्याने कुठे जाऊ द्यायला ती तयारच नसायची. रोज सकाळी बसने केंद्रापर्यंत सोडायला यायची, तिकीट स्वतः काढायची, दुकानात आजींनी तोंड उघडलं की "यांना साबण हवाय" असं स्वतःच सांगून टाकायची. आजींना कधी कधी साबण नको असायचा, मेणबत्ती हवी असायची. पण त्या साबण घेऊन घरी यायच्या. कपाटात साबणांचा ढीग झाला होता.

मग एका सकाळी घरमालकिणीला बहिणीकडे जावं लागलं, आणि आजी पहिल्यांदा एकट्या बसमध्ये चढल्या. चढल्यावर त्यांच्या लक्षात आलं की उतरायचं कुठे हेच आपल्याला ठाऊक नाही. इतके दिवस त्यांनी खिडकीबाहेर बघितलंच नव्हतं. घरमालकीण उठली की उठायचं, एवढंच त्यांना माहीत होतं.

ओळखीची वाटली म्हणून त्या एका पिवळ्या इमारतीपाशी उतरल्या. ती इमारत ती नव्हती. त्यांनी एका मुलीला गाठलं आणि वाक्य जुळवायला घेतलं. "मला लहान मुलांच्या..." एवढं होतंय तोवर मुलीने लगबगीने दवाखान्याची वाट दाखवली. म्हातारं माणूस रस्त्यात विचारतंय म्हणजे दवाखानाच! पुढच्या गृहस्थांनी स्टेशन दाखवलं. दोघंही बिचारी मदत करायला उतावीळ झाली होती आणि आजींचं वाक्य तसंच अर्धं लटकत होतं.

कोपऱ्यावर एक फळवाला सफरचंदं पुसत होता. आजींनी पुन्हा सुरुवात केली. शब्द अडले. फळवाल्याने मान वर केली आणि तो थांबला. त्याने शब्द सुचवला नाही, बोट कुठे दाखवलं नाही, फक्त हातातलं तेच सफरचंद सावकाश पुसत राहिला. आजी अडखळल्या, मागे गेल्या, परत पुढे आल्या, आणि शेवटी पूर्ण वाक्य बोलल्या. "ज्या मुलांचे हात चालत नाहीत, त्यांची शाळा कुठे आहे?"

"आता कळलं," फळवाला म्हणाला. "सरळ जा, दुसऱ्या वळणावर."

आजींना इतका आनंद झाला की त्यांनी नको असताना चार सफरचंदं घेतली. चालता चालता त्यांना मुंगीची वर केलेली हनुवटी आठवली. त्या पोरीचं वाक्य रोज आपणच पुरं करतो आहोत. साबण, साबण आणि साबण!

त्या दिवशी सुट्टीची घंटा झाली आणि मुंगी नेहमीसारखी समोर येऊन उभी राहिली. हनुवटी वर. आजींचे हात आपसूक पुढे निघाले. तेव्हा बालवाडीत आयुष्यभर मुलांना दिलेला हुकूम त्यांनी स्वतःला मोठ्याने दिला, "हाताची घडी, तोंडावर बोट!" आणि खरंच हाताची घडी घालून, ओठांवर बोट ठेवून त्या उभ्या राहिल्या.

बाकीची मुलं खदखदा हसली आणि त्यांनीही तसंच केलं. मुंगी हसली नाही. तिने थोडा वेळ वाट बघितली. मग पाय आपटले.

"आजी, लाव."

"तू लाव. मी इथंच आहे."

"तू वाईट आजी आहेस."

"असेन."

मुंगी सगळी सुट्टी खिडकीशी बसून राहिली आणि आजी तिच्या शेजारी. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. शिकवणाऱ्याला गप्प बसण्याइतकं कठीण काही नसतं. आजींनी घडीतले हात इतके आवळून धरलेले असत की संध्याकाळी खांदे दुखायचे.

"अगं, मग करतेस काय तू तिथं?" नणंदेने फोनवर विचारलं.

"काही नाही. हाताची घडी घालून बसते."

"एवढ्यासाठी परदेशी गेलीस? आमचे हे इथं बसल्या जागी तेच करतात, त्यांना कुणी स्वयंसेवक म्हणत नाही."

त्याच आठवड्यात एक बारीकशी गोष्ट घडली. आजी सकाळी खुंट्यांवरचे कोट नीट लावत होत्या. मुंगीच्या कोटाची चेन छातीपर्यंत लावलेली दिसली. आता घालताना पोरीला आधी ती काढावी लागणार, म्हणजे आणखी एक काम, असं म्हणून आजींनी चेन उघडून ठेवली. सुट्टीत मुंगीने कोट पाहिला आणि ती अशी किंचाळली की प्रमुखबाई धावत आल्या. काय झालं ते मुंगी काही सांगेना. "माझं होतं!" एवढंच म्हणत राहिली. आजींना वाटलं, राग अजून गेलेला नाही.

मग तो दिवस आला. शाळेच्या बाई उंच आणि शांत होत्या. त्या मागच्या खुर्चीत येऊन बसल्या. मुंगी दप्तर पाठीवरून काढायलाच तयार नव्हती. घंटा झाली. मुलं खुंट्यांकडे निघाली.

आजी खुंट्यांशेजारी उभ्या होत्या. मुंगीच्या कोटाची चेन आजही छातीपर्यंत लावलेली होती. आजींचा हात पुढे झाला. आज तरी एवढं करून ठेवावं, कुणाला दिसणारही नाही. बोटं चेनीला लागलीसुद्धा. आणि त्यांना ती किंकाळी आठवली. माझं होतं! पोरीचं काय होतं ते त्यांना अजूनही कळलेलं नव्हतं. पण काहीतरी होतं खास. त्यांनी हात मागे घेतला आणि घडी घातली.

मुंगीने दप्तर काढलं, खुंटीवरून कोट घेतला, टेबलावर पालथा पसरला आणि खालच्या बाजूने डोकं आत घातलं. फ्रॉक घालावा तसा. थोडा वेळ कोटच टेबलापाशी धडपडताना दिसत होता. एक बाही रिकामीच फडफडली. टेबलावरचा रंगांचा डबा खाली पडला. प्रमुखबाई पुढे सरकल्या, तशा आजी पुटपुटल्या, "घडी, घडी." अखेर गळ्यातून विस्कटलेले केस बाहेर आले, मग डोळे, मग लालबुंद नाक. डावा हात बाहीतून निघाला. मुंगीने हनुवटी वर केली आणि राहिलेली चेन उजव्या हाताने गळ्यापर्यंत ओढली.

"पण चेन तर आधीच लावलेली होती," शाळेच्या बाई म्हणाल्या. "ती कुणी लावली?"

"मी."

"तू? कधी?"

"घरी. खाली बसून, पायात धरून. भावाचं जेवण झालं तरी मी लावतच होते. मग लागली." मुंगीने दम घेतला. "एकदा लागली, मग कशाला सारखी काढायची? परवापण लावली होती. आजीने काढली."

सगळ्यांनी आजींकडे पाहिलं. आजींनी ओठांवर बोट ठेवलं.

शाळेच्या बाईंनी खाली वाकून पडलेले रंग गोळा केले.

"आमच्याकडे कुणाला एवढा वेळ नसतो," त्या मुंगीला म्हणाल्या. "शाळेत तुझी चेन कुणी काढणार नाही. कधी येतेस?"

मुंगीने दप्तर कोटावर चढवलं आणि ती अंगणात पळाली.

पुढच्या सकाळी घरमालकीण बहिणीकडून परतली होती आणि पर्स घेऊन दारात तयार उभी होती. आजी म्हणाल्या, "चला, पण आज तिकीट मी काढणार. तुम्ही फक्त माझ्यामागे बसा."

बसमध्ये वाहकासमोर आजींची गाडी पहिल्याच शब्दावर अडली. मागून घरमालकिणीचा श्वास ऐकू आला, तोंड उघडल्याचा. आजींनी मागे वळून पाहिलं आणि हाताची घडी घालून दाखवली. घरमालकिणीने पर्स मांडीवर ठेवली, दोन्ही हात काखेत दाबून धरले आणि ओठ मिटले. बिचारीचा चेहरा लाल झाला होता. वाहक थांबला होता, मागची रांग थांबली होती, आणि आजी दुसरा शब्द शोधत होत्या.