पट्टीवरचा दोरा

स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार आता बंद राहत नाही.

फ्रीजवरची दूधवाल्याची चिठ्ठी डब्याखाली दबून बसली आहे.

कारखान्यात नव्या येणाऱ्या प्रत्येकीला ती सांगायची, "नालेसारख्या मॅग्नेटच्या दोन्ही टोकांवर लोखंडी पट्टी ठेवायची गं. उघडा पडला की मॅग्नेट रोडावतो."

डॉक्टर म्हणाले, "सगळं करा, फक्त मॅग्नेटपासून लांब राहा. काम काय करता?" तिने सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

तिच्या गळ्याच्या हाडाखाली पेसमेकर बसला होता, आणि ती चुंबकांच्या कारखान्यात चार्जिंगवर होती. भट्टीत वितळवून साच्यात ओतलेला, घासून गुळगुळीत केलेला मिश्रधातूचा तुकडा तिच्यापर्यंत यायचा तो मुका, टाचणीही न उचलणारा. ती तो कॉइलमध्ये ठेवायची, खटका दाबायची, ठक्क व्हायचं आणि त्यात जीव यायचा. एके दिवशी तिथेच, कॉइलपाशी, ती कोसळली होती, म्हणून तर पेसमेकर आला.

दुधाने तोंड पोळलेल्या नवऱ्याने घरातला चुंबक न् चुंबक उपटला.

"अहो, रेडिओ तरी राहू द्या."

"त्यात स्पीकर असतो."

"मग बातम्या कोण सांगणार?"

"मी आहे ना!"

तिची जागा धाकट्या जावेला मिळाली. जावा-जावा उभा दावा, असं बायका हसून म्हणाल्या. तिला मात्र उमगेना, की जावेने जागा सांभाळली की गिळली. कधी वाटे, बरं झालं, जागा घरातच राहिली. कधी वाटे, टपूनच बसली होती. विचारावं तर कुठल्या तोंडाने?

निरोपाचा कार्यक्रम कारखान्याच्या फाटकाबाहेर झाला, कारण आत तिला बंदी. भाषणं संपल्यावर जाऊ पुढे आली, हातात पुठ्ठ्याचा खोका. उघडला. आत नालेसारखा चकचकीत चुंबक.

नवऱ्याने तिचा दंड धरून मागे ओढलं. "तुला काही अक्कल आहे का गं?"

"अक्कल असती तर तुमच्या घरात पडले असते का, भाऊजी?" जाऊ म्हणाली, पण हसली नाही. "ताई, बघा तरी."

ही माया की दावा? एरवी तिने टाचणी जवळ नेऊन क्षणात ओळखलं असतं, चुंबक जिवंत की मेलेला. आता टाचणी धरायची कुणी, आणि किती लांबून? छातीतलं यंत्र आपल्या तालात चाललं होतं. त्याला विचारायची सोय नव्हती.

"मी सांगू का?" जाऊ म्हणाली.

"थांब."

ती लांबूनच वाकून बघत राहिली. टोकांवर पट्टी होती, आणि पट्टीवरून पांढरा दोरा. दुहेरी गाठ.

जिवंत चुंबकाची पट्टी नखाने खरवडली तरी निघत नाही. तिला दोरा कोण बांधेल?

तिने नवऱ्याचा हात सोडवला. तुकडा उचलला. वजन तेच, थंडपणा तोच. तिने गाठ सोडली तशी पट्टी सुटून पायाशी पडली.

"अगं, हा आणलास कुठून?"

"तुमच्या कॉइलमधून, ताई. तसाच जपून ठेवला होता." जाऊ पट्टी उचलायला खाली वाकली आणि बराच वेळ वर आली नाही.

कामावर ती कोसळली त्या दिवशी हाच तुकडा तिच्या कॉइलमध्ये होता, आणि खटका दाबायचा राहिला होता.