छातीवरची काच

जरा हळू बोला, मित्रांनो. मी एक जुना घोडागाडीचा थांबा आहे आणि माझ्या छातीवर काच चिकटवलेली आहे. ती तडकली, तर माझे काही खरे नाही.

कॅलिफोर्नियात सोन्यासाठी माणसे डोंगर खणत होती, तेव्हा ओढ्याकाठच्या मातीच्या विटा भाजून मला बांधले. गावाला आगीचे भय फार, म्हणून दारे लोखंडी बसवली. टपाल आणि माणसे भरलेली गाडी माझ्यापुढे धुरळा उडवत थांबे आणि तिचे घोडे बदलले जात. उतारू कंबर धरून खाली उतरत, घेवड्याचे कालवण ओरपत आणि त्यालाच नावे ठेवत पुन्हा गाडीत चढत. माझा स्वभाव तेव्हापासूनच भित्रा. गाडीला उशीर झाला की दरड, दरोडेखोर, काय काय मनात येई. टापा ऐकू आल्या की जिवात जीव येई.

पुढे आगगाडी आली, तीही पलीकडच्या खोऱ्यातून. गरज सरो, वैद्य मरो! मी गवताचे कोठार झालो, मग टायरचे दुकान, मग काहीच नाही. पोरे माझ्यावर दगड मारून नेम धरायला शिकली.

१९८६ साली गावाच्या सभेत विषय निघाला. माझ्या दाराशेजारी भेग पडली होती. भूकंपात हा कुणाच्या तरी डोक्यावर पडेल, त्यापेक्षा पाडून मोटारींना जागा करू, असे लोक म्हणाले. भीती खोटी नव्हती. मलाही तीच वाटते. तपासणीला शरयू आली. मूळची पुण्याची, इमारतींची इंजिनिअर. तिने भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवली. भेग रुंदावली तर काच तुटणार आणि मी जाणार. हिवाळाभर टिकली, तर आतून आधार देऊन मला उभे ठेवणार.

तो हिवाळा कसा काढला, माझे मला ठाऊक. ओंडक्यांचे ट्रक धडधडत जात आणि मी वीट न् वीट आवळून धरी. काच टिकली.

निर्णयाच्या सभेच्या आदल्या दिवशी शरयू शेवटचे पाहायला आली. बरोबर तिचा नवरा अतुल होता. तो डॉक्टर. त्याने पिशवीतून नारळ काढला.

“अगं, गुड लक म्हणून फोडतो. उद्या मीटिंग आहे ना!”

उंबऱ्यावर आपटला, फुटेना. चिडून त्याने दाराच्या दगडी चौकटीवर हाणला. नारळ फुटला, करवंटीचा तुकडा उडाला आणि टच्कन काचेवर बसला. काच मधोमध तुटली. मित्रांनो, मला ओरडता आले असते, तर अख्खे गाव जागे केले असते.

“अतुल! काच गेली!”

“सॉरी, सॉरी! नवीन लाव ना यार. कोणाला कळणार आहे?”

“मला कळेल ना!” शरयू म्हणाली. मग ती अगदी जवळ वाकली. “थांब. दोन्ही तुकडे अजून टच होतायत. मध्ये जराही गॅप नाहीये. म्हणजे भेग हललीच नाही!”

“पण त्यांना पटेल?”

“तू येऊन सांग. फोडलीस तू.”

दुसरा दिवस सरता सरेना. संध्याकाळी दोघे आले, तेव्हा अतुलचे कान लाल झाले होते.

“सगळ्यांसमोर उभं राहून म्हटलं, आय ब्रोक इट, विथ अ कोकोनट. हॉलभर हसले यार!”

“करायला गेलास गणपती आणि झाला मारुती,” शरयू म्हणाली. “पण अजून एक विंटर दिलाय त्यांनी. नवीन काच लावते. तू गाडीत बस.”

तर आता पुन्हा तोच घोर. पुन्हा पाऊस, पुन्हा ट्रक. मित्रांनो, म्हाताऱ्याच्या अंगावर भेग दिसली की हातोडा शोधू नका. ती वाढते आहे का, तेवढे थांबून पाहा. आणि जाताना ते लोखंडी दार जरा सावकाश लावा.