अस्वलाखालचा माणूस

मी एक फळी बोलतेय. लाकडाची आहे म्हणून मुकाट ऐकून घेईन, असं समजू नका. माझा जन्मच सूड उगवायला झालाय.

मला कोरलं एका सुताराने. तो नदीकाठच्या वस्तीत राहायचा. एका पहाटे नदी फुगली आणि वस्तीत शिरली. सुतार आणि त्याची बायको पलीकडच्या काठावर अडकलेले. त्यांची दोन मुलं, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी, घराच्या छपरावर चढून बसली होती. तेवढ्यात गिरणीवाल्याची धान्याची होडी छपराला घासून गेली. चांगली मोठी, दार असलेली होडी. मुलांनी हात पुढे केले. गिरणीवाला दारातच उभा होता. त्याने दार ओढून घेतलं आणि आतून धरून ठेवलं.

आईबापांनी हे पलीकडून पाहिलं, आणि मग छप्पर बुडतानाही पाहिलं. पाहण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं.

पुढे वस्तीने मूग गिळले. निम्म्या घरांची चूल गिरणीवर चालायची. “झालं ते झालं,” लोक सुताराला म्हणाले, “पाण्यापुढे कुणाचं काय चालतं?” पण प्रार्थनाघरातून त्याला महाप्रलयाची कथा कोरून द्यायला सांगितलं, तेव्हा त्याने मला निवडलं.

ती कथा तुम्हाला ठाऊक असेल. देव माणसांवर चिडला, एका भल्या माणसाला होडी बांधायला सांगितली, जनावरांच्या जोड्या आत घेतल्या आणि उरलेलं सगळं जग बुडवलं. सांगणारे होडीचं सांगतात. माझ्या सुताराने उरलेलं जग कोरलं. होडी वर कोपऱ्यात, एवढीशी. खाली नुसते हात, उघडी तोंडं, लेकराला डोक्यावर धरलेल्या बाया. छपरावर दोन मुलं. आणि होडीच्या दारात, दार धरून उभा एक माणूस. त्याच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली. गिरणीवाल्याचीही तशीच होती, लहानपणी कुत्र्याने तोडलेली.

मला प्रार्थनाघराच्या समोरच्या भिंतीवर लावलं. गिरणीवाल्याची जागा पहिल्या रांगेत. दर प्रार्थनेला तो यायचा, माझ्याकडे एकदा बघायचा आणि मग सगळा वेळ स्वतःच्या पायाच्या बोटांकडे. सुतार मागच्या रांगेत बसून त्याची मान बघायचा. त्या मानेवर सुतार जगला म्हणा ना. पुढे तो गेला. गिरणीवाला मात्र ठणठणीत राहिला.

म्हातारपणी त्याने प्रार्थनाघराला नवी इमारत बांधून दिली. लोकांनी वाहवा केली. त्या बदल्यात त्याने मागितलं काय, तर ही जुनी फळी. जाळायला घेऊन गेला मला. अंगणात रॉकेलचा डबासुद्धा काढून ठेवला होता.

तेवढ्यात त्याची सून बाहेर आली. ती लांबच्या गावातली, मुलांच्या खोल्या सजवून द्यायचा तिचा धंदा. तिला इथलं जुनं काही ठाऊक नव्हतं.

“बाबा, जाळताय कशाला? होडी आहे, जिराफ आहे. थोडी गोंडस केली की चिमणीच्या खोलीत छान दिसेल.”

चिमणी म्हणजे त्याची नात. त्याचा जीव की प्राण.

गिरणीवाला विचारात पडला. मग म्हणाला, “कर. पण रंग जाड लाव. आणि हा दारातला माणूस बेढब दिसतो. त्याचं अस्वल कर.”

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

मग माझे हाल झाले. उघड्या तोंडांत पुट्टी भरली. हातांचे मासे झाले, प्रत्येक माशाला पापण्या. लेकराला डोक्यावर धरलेल्या बाईचं कमळ झालं. छपरावरच्या मुलांवर दोन ढग आले, गालांवर लाली असलेले. जिराफ हसू लागला. आणि दारातला माणूस झाला गुबगुबीत अस्वल, “या या” करत हात हलवणारं. बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, “अगं बाई, किती गोड!” बुडालेल्या जगाला गोड म्हणत होत्या. मी आतल्या आत जळत होते.

लाकडाला हात उगारता येत नाही. पण लाकूड फुगतं. ज्या भिंतीवर मला लावलं, तिच्या पलीकडे न्हाणीघर होतं आणि भिंतीला ओल होती. मी ती ओल पीत राहिले. गुपचूप, दोन पावसाळे. हळूहळू पुट्टीला भेगा पडल्या. एक दिवस एका माशाचा पापुद्रा चिमणीच्या उशीवर पडला.

“आई, माशाच्या आत बोटं आहेत.”

“शेपूट असेल गं. हात लावू नकोस, रंग जाईल.”

पण लहान मुलाला लावू नकोस म्हटलं की ते लावणारच. चिमणी चमच्याच्या दांड्याने टोकरत बसायची. मीही जमेल तेवढं अंग चोरून तिला पुट्टी सोडून द्यायचे. कमळाखालून बाई निघाली. ढगांखालून दोन मुलं निघाली. चिमणी घाबरली नाही. त्या मुलांना ती आपल्या खाऊतलं दाखवायची आणि म्हणायची, “थांबा हं, दार उघडतील.”

मग ती अस्वलापर्यंत पोचली.

त्या दुपारी घरात जेवणं चालली होती. चिमणी धावत आली, हात रंगाने माखलेले, आणि आजोबांना ओढत खोलीत घेऊन गेली. सूनही मागोमाग आली.

“आजोबा, हा तुमचा कान आहे. तुम्ही दार का धरून ठेवलंय?”

म्हाताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. “मी नाही तो. खेळ जा.”

“मग कान कसा? ही मुलं बाहेर आहेत ना. आत जागा नव्हती?”

तो पलंगावर बसला. सून दारात उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या कानाकडे.

“बाबा, ती विचारतेय. जागा नव्हती?”

तो म्हणाला, “पोती होती.”

सुनेने चिमणीला उचलून छातीशी धरलं. गावात विचारपूस करून तिने सगळं जाणून घेतलं. मग ओलं फडकं आणि पटाशी घेऊन मला स्वतःच्या हाताने खरवडलं. मासे काढले, पापण्या काढल्या, हसू काढलं. सासऱ्याने कुऱ्हाड मागितली, तर म्हणाली, “त्या फळीला हात लावलात तर मी चिमणीला घेऊन माहेरी जाईन.” आणि मला जेवणघरात लावलं, त्याच्या खुर्चीच्या बरोब्बर समोर.

तिनेच सुताराच्या बायकोला निरोप धाडला. ती आली, काठी टेकत. माझ्यापाशी उभी राहिली. छपरावरच्या दोघांवरून बोटं फिरवली, केस सारखे करावेत तशी.

गिरणीवाला उठून उभा राहिला. “वहिनी, मला माफ करा.”

“भावजी, मला कशाला विचारता? माझ्या तोंडावर नव्हतं दार लावलं तुम्ही. त्यांना विचारा.”

पाणीही न पिता ती निघून गेली.

तेव्हापासून तो रोज जेवायला बसतो आणि घास हातात धरून माझ्याकडे बघत राहतो. अन्न निवतं. ओठ हलतात. काय म्हणतो ते मला ऐकू येतं.

तुमच्याही लेकरांच्या खोलीत असेल अशी एखादी हसरी होडी. तुमची खोली, तुमची मर्जी. पण पोराने विचारलं, बाकीचे कुठे गेले, तर खोटं सांगू नका.

आणि हा म्हातारा रोज माफी मागतो, तिचं काय? सुताराने माझ्यात हात कोरले, तोंडं कोरली, डोळे कोरले. क्षमा नाही कोरली. जे माझ्यात नाही, ते मी देणार कुठून?