टोपल्यांच्या रांगेतला एसटी थांबा

बोलतोय तो मी, पुळणवाडीचा एसटी थांबा. माझ्या कपाळावर आता 'सेल्फी पॉइंट' असं लिहिलंय, तिकडे लक्ष देऊ नका. नाव बदललं म्हणून कुणाचा जन्म बदलत नाही.

माझा जन्म चिऱ्याचा. मालवणहून तारकर्लीकडे किनाऱ्याने येणारा जो रस्ता आहे, त्याच्या कडेला माझ्या पोटातले चिरे एकावर एक चढले. वाडीतल्या मासे विकणाऱ्या बायका भर पावसात डोक्यावर इरलं घेऊन कुडाळच्या गाडीची वाट बघायच्या. ते बघून लोकांनी वर्गणी काढली, गंगाराम गवंड्याला बोलावलं, वर मंगळुरी कौलं चढवली. चिरे डोक्यावरून वाहिले ते याच बायकांनी. त्यामुळे मला कुणी सरकारी म्हटलं की राग येतो. मी वाडीचा आहे.

माझ्याकडची रांग तुम्ही दुसरीकडे कुठे बघितली नसेल. इथे माणसं उभी राहत नाहीत, त्यांच्या वस्तू राहतात. पहाटे मथुरा सर्वांत आधी येते. पन्नाशीची, हडकुळी, पण आवाज खणखणीत. ती आपली रिकामी टोपली माझ्या पायरीशी ठेवते आणि किनाऱ्यावर होड्या लागल्या की मासे घ्यायला जाते. तिच्यामागे इतर बायकांच्या टोपल्या. मग दवाखान्यात जायच्या काशीरामाची काठी. तो तोवर समोरच्या हॉटेलात चहा पीत बसतो. मग कॉलेजच्या पोरींच्या सॅका. वळणावर गाडीचा भोंगा वाजला की सगळे धावत येतात, बायका घमेल्यातले बांगडे टोपलीत ओततात आणि जो तो आपापल्या जागी उभा राहतो. दुसऱ्याच्या वस्तूला कुणी हात लावत नाही. घरात हाडवैर असलं तरी नाही. एवढ्या वर्षांत माझ्यापुढे नंबरावरून भांडण झालेलं मी ऐकलेलं नाही, आणि भांडणांच्या बाबतीत आमची वाडी काही मागे नाही.

मथुरा कुडाळच्या वाटेवरच्या कट्टा गावाच्या पुढे, शेतकऱ्यांच्या गावात उतरायची. तिथे तिची ठरलेली घरं. कुणी पैसे द्यायचं, कुणी आमसुलं, कुणी भाताच्या दिवसांत पायलीभर तांदूळ. नवरा गेल्यावर तिने याच फेरीवर ओमकारला वाढवलं.

मग पर्यटक आले. येऊ देत की. समुद्र काही आमच्या एकट्याचा नाही. घरोघरी खोल्या निघाल्या, पोरांना इथेच कामं मिळाली. पण त्यांच्यामागून आराखडा आला, आणि त्या आराखड्यात पाहुण्यांना उतरायला, बसायला, फोटो काढायला, गाडी लावायला, सगळ्याला जागा होती. आम्हीच तेवढे मावलो नव्हतो.

आधी एक साहेब पाहणीला आले. माझ्यासमोर गाडी उभी करून, काच खाली न करता बराच वेळ बघत बसले. तेव्हा बायका किनाऱ्यावर होत्या, काशीराम चहावर होता. साहेबांनी टोपल्यांचा एक फोटो काढला, नाकाला रुमाल लावला आणि निघून गेले. मला वाटलं, वाट चुकले असतील.

दिवाळीनंतर कळलं. किनाऱ्याचा रस्ता पर्यटकांसाठी राखून ठेवला. कुडाळ गाडी आता टेकडीवरच्या रस्त्याने जाणार, घाटीची उभी पायवाट चढून तिकडे गाठायची. खाली फिरणार ती काचेची, थंड हवेची 'बीच बस', गाड्यांच्या तळापासून पुळणीच्या वाळूपर्यंत. तिच्यात मासळी न्यायला बंदी. माझा बाक उखडून तिथे झोपाळा टांगला. भिंतीवर डॉल्फिन रंगवला, तोही असा की आमच्या वाडीतली पोरं त्याला मुशी म्हणतात, म्हणजे शार्क.

मथुरा भरली टोपली डोक्यावर घेऊन घाटी चढू लागली. वर ना झाड ना छप्पर. कधी गाडी चुकायची, कधी पोचेपर्यंत बांगडा मऊ पडायचा. कट्ट्याकडच्या घरांनी तिची वाट बघणं हळूहळू सोडलं. रिक्षावाले पर्यटकांचा दर सांगायचे आणि वर वासाचं निमित्त. काशीरामाने तर दवाखानाच सोडला.

आणि बीच बसवर ड्रायव्हर कोण, तर मथुरेचा ओमकार. एका संध्याकाळी मायलेकांचं माझ्यासमोरच वाजलं.

"आये, पर्यटक ईले म्हणान माझ्या हाताक काम गावला," तो म्हणाला.

"तुझ्या कामाक मी वायट म्हणूक नाय," मथुरा म्हणाली. "पण तुझी गाडी माका घेणा नाय, आणि माझी होती ती तुमी घालवल्यात. मी आता खंय जाव?"

तो गाडी पुसत राहिला.

पुढे तेच साहेब माझा झोपाळा बघायला आले, तेव्हा मथुरेने त्यांना गाठलं. गाडी का बंद केली, एवढंच विचारलं. साहेब सभ्य माणूस, त्यांनी शांतपणे सांगितलं की पाहणीच्या दिवशी इथे एकही प्रवासी उभा नव्हता, नुसत्या टोपल्या होत्या.

मथुरा म्हणाली, "टोपल्यो होत्यो मा? मगे आमी होतंव."

साहेबांना ते कळलं नाही. ते हसले आणि गेले. पण बायकांना कळलं. आपल्या रांगेवर आपला इतका भरवसा, की ती न कळणारा माणूस जगात असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मला विचाराल तर संताप संताप झाला. माझ्यापुढे अख्खी वाडी उभी होती आणि लिहिलं काय, तर कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मथुरा आली. झोपाळ्याखाली, आपल्या जुन्या जागी तिने टोपली ठेवली. तिच्यामागे बाकीच्यांच्या. काशीरामाची काठी आली, सॅका आल्या. आणि ज्यांना कुठेही जायचं नव्हतं त्यांच्याही वस्तू आल्या: छत्री, कळशी, भात पाखडायचं सूप, एक क्रिकेटची बॅट. रांग माझ्या पायरीवरून निघाली, रस्ता ओलांडून पलीकडच्या माडापर्यंत गेली. ठेवून सगळे नेहमीसारखे आपापल्या कामाला निघून गेले.

बीच बस आली आणि थांबली. मागे मोटारींची माळ लागली. भोंग्यांनी माझी कौलं थरथरली. काही पाहुणे खाली उतरून त्या रांगेचेच फोटो काढू लागले, एवढं मात्र झालं. बसमधला एक गृहस्थ ओमकारला म्हणाला की चार टोपल्याच तर आहेत, बाजूला कर. ओमकार उतरला. सर्वांत पुढच्या टोपलीकडे त्याने बघितलं. तिच्या काठाला लाल चिंधी शिवलेली, घरचीच. तो वाकला नाही.

"ह्या टोपल्या नाहीत, साहेब," तो म्हणाला. "माणसं उभी आहेत."

आणि त्याने डोक्यावरची बस कंपनीची टोपी काढली, माडाकडे चालत गेला, आणि ती रांगेच्या शेवटी, बॅटीच्या मागे ठेवली. मी चिऱ्याचा असलो तरी तेव्हा मला भरून आलं. संध्याकाळी त्याची नोकरी गेली. त्या दिवशीचे बांगडे मथुरेने विकले नाहीत, ओमकारला पोटभर वाढले, असं बायका सांगत होत्या.

दुपारी साहेब धावत आले होते. टोपल्या उचला, मग नव्याने मोजणी करू, म्हणाले. तोवर वाडी किनाऱ्यावरून वर आली होती, जो तो आपापल्या वस्तूशी उभा. मथुरेने फक्त एवढंच सांगितलं, "मोजा की. पण आमची कुडाळ गाडी हयसर इल्याशिवाय एकव टोपली हलूची नाय."

त्यांनी मोजलं नाही. आज कितवा दिवस आहे मला ठाऊक नाही, रोज पहाटे रांग लागते. पाहुण्यांना तळावरून पुळणीपर्यंत चालत जावं लागतं. बरेचजण चालतात, आणि कुरकुर करत नाहीत. गाडी अजून आलेली नाही.

आता ऐकतो की अडचण माझीच आहे. थांबाच नसेल तर रांग कुठली, म्हणून मला पाडायला जेसीबी येणार आहे. येऊ दे. मला पाडायला येणाऱ्याला माझं एकच सांगणं: बाबा, इथली रीत सर्वांना सारखी. तुझी वस्तू माडाच्या पलीकडे, रांगेच्या शेवटी ठेव आणि थांब. तुझ्यापुढे मथुरा आहे.