कुणी न उघडलेल्या फायली

"ताई, हे फोल्डर दिसतंय ना? याच्या आत जायचं नाही. समजलं नाही तरी चालेल, पण इथलं काही पुसायचं नाही."

मला या टेबलावर बसवणारा माणूस असं सांगून गेला, त्याला अकरा वर्षं झाली. काकूंनी तेव्हा मान डोलावली होती.

मित्रांनो, मी एक जुना, दमलेला कॉम्प्युटर आहे. सुरू झालो की माझा पंखा धापा टाकतो. ज्यांना दुकानातले बूट चालत नाहीत, अशा पायांसाठी इथे बूट बनतात. काका बूट शिवतात, काकू मापं घेऊन माझ्यात भरतात. माप भरलं की कागद फाडून टाकायचा, हा त्यांचा शिरस्ता. पसारा त्यांना खपत नाही.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. माझ्यावर विणलेला रुमाल असे. पुढे रुमाल विरला आणि धूळ तेवढी राहिली.

पडद्यावर दिसतो तेवढाच मी नाही. माझ्या पोटात हजारो छोट्या फायली आहेत. त्यांची नावं धड वाचताही येत नाहीत. बटण दाबलं की पहिली दुसरीला उठवते, दुसरी तिसरीला, तेव्हा कुठे समोर चित्र उभं राहतं. नेमाने त्या हे रोज करतात, कुणी बघो न बघो.

या बुधवारी माझ्यातली जागा संपली. मुलांचे पाय वाढतात, म्हणून दोन वर्षं न लागलेला पायाचा लाकडी साचा टाकून द्यायचा, असा इथला नियम. काकूंनी तोच मला लावला. तारखा बघून त्या फोल्डरातल्या सगळ्यात जुन्या फायली निवडल्या. मी विचारलं, "पुसायचं का?" त्यांनी 'हो' दाबलं. मी पुन्हा विचारलं. पुन्हा 'हो'. मला विचारता येतं, मित्रांनो. हात धरता येत नाही.

गुरुवारी सकाळी माझ्या काळ्या पडद्यावर एकच ओळ उरली.

"अहो, हा उठतच नाही!"

"काय केलंस?"

"आवराआवर. अकरा वर्षं कुणी हात न लावलेलं सामान होतं सगळं."

"माझे शर्ट गेले तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं."

"चेष्टा पुरे. त्या मुलीचं माप याच्यातच आहे."

काकांचं हसू मावळलं. ती मुलगी नऊ वर्षांची. डावा पाय दोन बोटं आखूड. तिच्या जुन्या बुटाचा उंच तळ तुटला, तेव्हापासून ती शाळेविना घरात बसून आहे. मंगळवारी वडिलांच्या पाठीवर बसून आली होती. काकू तिला म्हणाल्या होत्या, "शनिवारी बूट तुझ्या पायात असतील बघ. सोमवारी चालत शाळेत जायचं."

दुरुस्तीवाला आला. माझी कूस उघडून त्याने फुंकर मारली आणि तोच खोकत सुटला.

"मापं शाबूत आहेत, ताई. पण तुम्ही घराचे खांबच काढलेत. सिस्टिम नव्याने चढवावी लागेल. सोमवारी देतो."

"शनिवारच्या आत नाही का होणार?"

"आधीचे चार जण रांगेत आहेत हो."

काकू स्टुलावर बसून राहिल्या.

मित्रांनो, माझा त्यांच्यावर राग नाही. रागावायला लागतं तेवढं बळही आता नाही. एवढंच सांगतो, जे आपल्याला कळत नाही ते निकामी आहे असं धरू नका. जागा हवी असेल तर तुम्ही स्वतः ठेवलेलं काढा, दोन-दोनदा साठवलेले फोटो काढा. मोलाचं असेल त्याची नक्कल दुसरीकडे असू द्या. अडलं तर जाणत्याला विचारा. आणि कधीतरी धूळ पुसा.

दुरुस्तीवाला माझ्या वायरी गुंडाळू लागला.

"त्या मुलीच्या घरी जायचं म्हणजे दोन बस बदलायच्या," काका म्हणाले. "वडिलांना निरोप देऊ. चार दिवस उशीर झाला तर समजून घेतील."

काकू उठल्या. त्यांनी कोरे कागद, पेन्सिल आणि मापाची टेप पिशवीत घातली, चपला पायात सरकवल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.